छोटी इलेक्ट्रिक विंच: विहिरीतली मोटर काढताना काय काय बघायचं

आखाजी (अक्षय तृतीया) झाली की आमच्याकडे जळगावच्या चोपडा-यावल पट्ट्यात विहिरींचं पाणी तळाला जातं आणि मग जो तो मोटर खाली सरकवायच्या नाहीतर गाळ काढायच्या मागे लागतो. पूर्वी या कामाला सहा-आठ माणसं आणि जाड दोर लागायचा, आता गावात बऱ्याच जणांकडे छोटी इलेक्ट्रिक विंच आली आहे, २३० व्होल्टवर चालणारी, दुकानात मिनी होईस्ट म्हटलं की लगेच दाखवतात. माझ्याकडे चार वर्षांपासून आहे. चांगली वस्तू आहे, दोन माणसांत काम होतं, पण बटण दाबलं की वजन वर येतं एवढंच समजून लोक वापरून राहिले म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी माझ्याच मशीनचं सांगतो. मागच्या उन्हाळ्यात खालच्या लिमिटची पट्टी वाकली होती, ड्रमवरचा रोप, म्हणजे तारेचा दोर, संपत आला की जी पट्टी सरकून मशीन बंद करते ती. मला घाई होती म्हणून मी ती तारेने बांधून टाकली, नंतर नीट करू म्हटलं. दोन दिवसांनी शेजारच्या मळ्यात मशीन गेली, विहीर ४५ फूट, म्हणजे जवळपास पावणेचौदा मीटर, आणि माझ्या मशीनचा रोप १२ मीटर. बटणावर एक नवीन पोरगा होता. मोटर खाली जाता जाता ड्रमवरचा रोप पूर्ण संपला, ड्रम तसाच फिरत राहिला आणि रोप उलट्या बाजूने गुंडाळायला लागला. आता खालचं बटण दाबलं तरी मोटर वर येतेय! पोराला वाटलं बटणं उलटी झाली, तो खालचंच बटण दाबून मोटर वर घेत राहिला. वरची लिमिट फक्त वरच्या बटणाचा करंट तोडते, खालच्या बटणाला ती अडवत नाही, त्यामुळे हूक सरळ मशीनला जाऊन भिडला, रोप तुटला आणि ६२ किलोची मोटर विहिरीत गेली. खाली कोणी नव्हतं ते फक्त एका म्हाताऱ्या आबांमुळे, ते सुरुवातीपासून ओरडत होते, "खाले उभा नको राहू रे भो, बाजूले सरक!" आणि त्यांचं ऐकून आतला माणूस दहा मिनिटं आधीच शिडीने वर आला होता. ती तार मी बांधली होती. तेव्हापासून माझ्या मशीनचं कुठलंही लिमिट, मशीन लगेच थांबवायचं लाल बटण, हूकचं तोंड बंद करणारी लॅच खराब असली तर मशीन गोडाऊनबाहेर जात नाही, मागणारा सख्खा मावसभाऊ का असेना.

तर पहिली गोष्ट, रोप किती आणि विहीर किती. ड्रमवर शेवटपर्यंत कमीत कमी ३ वेढे राहिलेच पाहिजेत, कारण रोपचं टोक ड्रमला एका-दोन स्क्रूने दाबलेलं असतं, त्या स्क्रूवर वजन पेलायचं नसतं, वेढ्यांच्या घर्षणावर पेलायचं असतं. मी शेवटच्या ५ वेढ्यांना लाल ऑइल पेंट मारून ठेवलाय, लाल दिसलं की थांबायचं, पोरगा नवीन असला तरी हे कळतं. विहीर खोल असेल तर लांब रोपचं मॉडेल घ्या, किंवा हूकखाली त्या वजनाला पुरणारा वेगळा पट्टा नाहीतर रोप शॅकलने (पिन लावायची यू आकाराची कडी) जोडा आणि मोटर टप्प्याटप्प्याने वर घ्या, प्रत्येक टप्प्याला ती काठावरच्या आडव्या पाईपला दुसऱ्या साखळीने अडकवून मगच हूक सोडायचा. दोन रोपना गाठ मारून लांबी वाढवायची नाही, वायर रोपला गाठ बसत नाही, ती जागाच मोडते.

आता मशीनवरची प्लेट वाचायची. त्यावर २५०/५०० किंवा ४००/८०० किलो असं लिहिलेलं असतं आणि विकणारा मोठाच आकडा सांगतो. लहान आकडा सिंगल रोपचा, मोठा आकडा सोबत येणारी कुप्पी (पुली) लावून रोप डबल केला तर. डबल केलं की उचलायची ताकद दुप्पट होते पण उंची निम्मी होते, १२ मीटरचे ६ मीटर उरतात आणि स्पीडही अर्धा. म्हणजे विहिरीच्या कामाला तुमच्या हातात खरा आकडा लहानच, २५०/५०० असेल तर २५०.

वजनाचा अंदाज डोळ्याने करू नका, हिशोब करा. माझ्या विहिरीतली ५ एचपी ओपनवेल मोटर काट्यावर ६२ किलो भरली. तिला ६३ एमएमचा पाईप, १२ मीटर, त्यात पाणी भरलेलं असलं तर मीटरला साधारण सव्वादोन लिटर धरा, म्हणजे २७ किलो पाणी झालं, पाईप, केबल, बाकी फिटिंग वेगळं. सव्वाशेच्या आसपास गेलं. २५० च्या मशीनला हे आरामात आहे. पण मोटर गाळात रुतलेली असेल तर सगळा हिशोब बिघडतो, गाळ किती धरून ठेवेल सांगता येत नाही. तिथे मशीनने ओढायचं नाही, आधी बाजूने पाण्याचा मारा करून नाहीतर हाताने हलवून मोटर मोकळी करायची, मग उचलायची. प्लेटवरच्या आकड्याच्या निम्म्याच्या वर जायचं नाही असा माझा नियम आहे आणि त्यामुळे मशीन टिकतेही.

बोअरची मोटर या मशीनने काढायचा विचार करत असाल तर एकदा कागद-पेन घेऊन बसा. अडीच इंची जीआय पाईप मीटरला साडेसहा किलोच्या आसपास असतो. ३०० फूट म्हणजे ९१ मीटर, झाले ५९० किलो. बोअरच्या पंपात नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतो, पाईपातलं पाणी खाली जात नाही, तेच ३३० किलोच्या वर जातं. पंपाचं वजन धरलं की टनाला टेकलं. रावेर-यावलकडे तर बोअर याच्यापेक्षा कितीतरी खोल आहेत. याला मोटर काढणारी गाडी बोलवा, तिचं भाडं जाऊ द्या पण हे मिनी होईस्टचं काम नाही. तसंच कापसाची गाठ. जिनिंगची एक गाठ १७० किलोच्या आसपास असते, २०० किलोवाल्या मशीनला तिचं नाव पण काढू नका.

अजून एक, जीपला ट्रॅक्टरला लावतात ती १२ व्होल्टची विंच वेगळी, ती ओढायला आहे, चिखलातून गाडी काढायला. तिचा ब्रेक अधांतरी वजन धरून ठेवायला बनवलेला नसतो. आणि तिच्यावर लिहिलेली ताकद ड्रमच्या पहिल्या थरावर असते, रोपचे थर वाढले की ताकद कमी होत जाते. उचलायला होईस्टच पाहिजे.

मशीन कशाला टांगली हे मशीनपेक्षा महत्त्वाचं. शेडच्या पत्र्याखालच्या अँगलला टांगलेली मी दोन ठिकाणी पाहिली, तो अँगल पत्र्याचं वजन घ्यायला आहे, मोटरचं नाही. विहिरीवर आम्ही लोखंडी घोडी वापरतो, जाड चौकोनी पाईपची, चारही पाय कठड्याच्या बाहेर पक्क्या जमिनीवर, पायाखाली फळी, आणि पाय फाकू नयेत म्हणून खालून साखळी. काठावरची माती पोकळ असली तर घोडी तिथे लावूच नका, जुन्या विहिरींचा बांध आतून सुटलेला असतो आणि वरून कळत नाही. मशीनच्या दोन्ही पट्ट्यांचे चारही बोल्ट स्प्रिंग वॉशर घालून आवळायचे आणि पहिलं वजन उचलून झालं की परत पाना लावून बघायचे, एखादा तरी पाव आटा फिरतोच.

काही जण मशीन खाली जमिनीवर बसवतात आणि रोप वरच्या कुप्पीवरून घेतात. चालतं, पण एक लक्षात ठेवा, त्या वरच्या कुप्पीवर जवळपास दुप्पट वजन येतं. एका बाजूने १०० किलो मोटर खाली ओढतेय आणि दुसऱ्या बाजूने विंच तेवढ्याच जोराने रोप खाली ओढतेय, कुप्पीवर २०० झाले. घोडी, कुप्पीचा हूक, शॅकल सगळं त्या हिशोबाने पाहिजे. आणि जमिनीवरची मशीन नीट ठोकलेली नसेल तर ती स्वतःच वर उचलली जाते.

मोटरला रोप बांधताना मोटरच्याच हूकला शॅकल लावा, पाईपला किंवा केबलला धरून कधीच उचलायची नाही. दोन पट्ट्यांनी उचलत असाल तर वरचा कोन अरुंद ठेवा. दोन पट्ट्यांमधला कोन ६० अंश असला तर प्रत्येक पट्ट्यावर वजनाचे ५८ टक्के येतात, १२० अंश झाला की प्रत्येक पट्ट्यावर अख्खं वजन येतं, म्हणजे दोन पट्टे लावून काहीच वाचलं नाही. लांब पट्टे घ्या, कोन आपोआप अरुंद होतो. हूकची लॅच बंद झाली का ते बोटाने दाबून बघायचं, नुसतं बघायचं नाही.

आता लाईट. आमच्याकडच्या निम्म्या मशीन लाईटमुळेच जळतात. डीपी (ट्रान्सफॉर्मर) लांब, व्होल्टेज १८०, आणि वरून दीडची वायर ५० मीटर ओढलेली. व्होल्टेज कमी झालं की मोटरची ताकद त्याच प्रमाणात नाही, वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० ऐवजी १८० मिळाले तर ताकद ६१ टक्क्यांवर येते. मग मशीन घुंऽऽ करते, फिरत नाही, कॉइल तापते. त्यात सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट घेते, समजा २० अँपिअर घेतले तर दीड स्क्वेअर एमएमच्या ५० मीटर वायरमध्ये तिथल्या तिथे २४ व्होल्ट खाल्ले जातात, चारची वायर टाकली तर ९ वर काम भागतं. म्हणून चार स्क्वेअर एमएमची तांब्याची तीन कोर केबल टाका, जोड नसलेली. आणि मल्टीमीटर मशीनच्या पिनला लावून, वजन उचलत असताना मोजा, नुसतं बोर्डावर मोजून उपयोग नाही. वजन उचलताना २०० च्या खाली जात असेल तर मी काम थांबवतो.

आणि हे सगळ्यात जास्त मनापासून सांगतोय, स्टार्टरच्या पेटीतून एक फेज घेऊन दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला लावून मशीन चालवू नका. न्यूट्रलच पाहिजे. ती सळई ओल्या जमिनीत करंट सोडत असते, विहिरीच्या काठावर अनवाणी उभा असलेला माणूस कुठे जाईल? दोन फेज लावल्या तर ४१५ व्होल्ट लागून मशीन क्षणात जाते ते वेगळंच. मशीनच्या बॉडीला अर्थिंग आणि लाईनमध्ये ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच, हे दोन्ही पाहिजे. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते काम सुरू करायच्या आधी बघून घ्यायचं. रात्रपाळीची लाईट आहे म्हणून रात्री मोटर काढायला जाऊ नका, बॅटरीच्या उजेडात रोप ड्रमवर कसा बसतोय ते दिसत नाही. जनरेटरवर चालवणार असाल तर १००० वॉटच्या मशीनला अडीच-तीन केव्हीए तरी पाहिजे.

प्रत्यक्ष उचलताना असं करतो. आधी रिकामा हूक पूर्ण खाली-वर करून दोन्ही लिमिट चालतात का बघतो, लाल बटण दाबून मशीन थांबते का बघतो. मग वजन लावून रोप फक्त ताणून घेतो, सगळे दूर झाले का बघतो, आणि मोटर अर्धा फूट उचलून बटण सोडतो. दोन मिनिटं तसंच. रोपला खडूची खूण करायची, खूण खाली सरकली तर ब्रेक घसरतोय, वजन परत खाली टेकवायचं आणि त्या दिवशी काम बंद. ही दोन मिनिटं कोणालाच द्यायची नसतात, सगळ्यांना घाई असते, पण ब्रेक गेलेला कळायची हीच एक जागा आहे जिथे मोटर अर्धा फुटावरून पडली तरी काही बिघडत नाही.

वर घेताना रोप सरळ उभा पाहिजे, तिरका ओढला की ड्रमवर एका बाजूला चढतो आणि खालच्या वेढ्यात घुसतो. रिकामा हूक खाली सोडताना रोप ढिला पडू देऊ नका, हाताने हलका ताण ठेवा, हातमोजे घालून, कारण तुटलेली एक तार तळहात उभा चिरते. पण ड्रमच्या जवळ हात नाही, कमीत कमी दोन हात लांब. वरून लगेच खाली, खालून लगेच वर असं करायचं नाही, मोटर पूर्ण थांबू द्यायची. टक टक टक बटण मारत राहिलं तरी मोटर तापते.

तापायचं तर आपल्याकडे विशेष बघावं लागतं. प्लेटवर एस-३ २० टक्के असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ १० मिनिटांत २ मिनिटं चालवायची, बाकी ८ मिनिटं आराम. मे महिन्यात जळगाव भागात पारा ४४-४५ ला जातो, उन्हातल्या लोखंडाला हात लावता येत नाही, तेव्हा मशीनचा आराम अजून वाढवायचा. आम्ही सकाळी साडेसहाला सुरू करतो, दहाच्या आत आटपतो. बॉडीवर हात तीन-चार सेकंद ठेवता येत नसेल तर सावली करा, थांबा, ओलं फडकं टाकू नका. मोटर तापून आपोआप बंद पडली तर ती बिघडली नाही, आतल्या थर्मल स्विचने तिला वाचवलं आहे, गार झाल्यावर चालू होते. मात्र तेव्हा मेन बंद ठेवा, नाहीतर कोणाचा तरी हात बटणावर राहतो.

लाईट गेली तर ब्रेक लागतो आणि वजन तिथेच लटकतं. मेन बंद करायचा, मशीन सोडून चहाला जायचं नाही, आणि लोंबकळत्या वजनाखालून कोणी जायचं नाही. माझ्या मशीनला हाताने सोडायची सोय नाही म्हणून सोबत नेहमी एक चेन कुप्पी (हाताने साखळी ओढून वजन वर-खाली करायची) ठेवतो, वजन तिच्यावर घेऊन खाली घेता येतं.

माणसाला या मशीनने विहिरीत सोडायचं नाही, काढायचंही नाही. पाच मिनिटांचंच काम आहे, पोरगा हलकाच आहे असं म्हणून पाळण्यात बसवतात, तसं करूच नका. माणूस शिडीने उतरेल, कमरेला वेगळा दोर बांधून. गाळाची बादली वर जात असताना आतला माणूस भिंतीच्या कडेला, डोक्यावर हेल्मेट, बादली काठावर उतरून रिकामी झाल्याशिवाय मध्ये यायचं नाही. बंद पडलेल्या जुन्या विहिरीत हवा खराब असते, आणि विहिरीत किंवा काठावर डिझेल इंजिन चालवलं की त्याचा धूर जड होऊन खाली साचतो, अशा वेळी आत कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे लगेच दुसऱ्याने उडी मारायची नाही, दोघे जातात.

देखभाल म्हणाल तर मुख्य रोपची. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या कामाआधी पूर्ण रोप उघडून जुन्या सुती कापडात धरून ओढायचा, तार तुटलेली असेल तिथे कापड अडकतं. एका जागी जवळजवळ दोन-तीन तारा तुटलेल्या, रोप चपटा झालेला, पिळ सुटून पिंजऱ्यासारखा फुगलेला, मोड पडलेली, किंवा ५ एमएमचा रोप घासून साडेचारवर आलेला, यातलं एकही दिसलं तर रोप बदला. व्हर्नियर नसेल तर कुठल्याही लेथवाल्याकडे मोजून मिळतं. आमच्याकडची धूळ आणि रोपवरचं ग्रीस एकत्र होऊन पॉलिश पेपर बनतो, म्हणून आधी ब्रशने आणि फडक्याने पुसायचं, मग पातळ थर रोपच्या ग्रीसचा. जळालेलं इंजिन ऑइल नको. आणि ग्रीस मोटरच्या मागच्या बाजूला ब्रेकवर जाता कामा नये, ब्रेकला तेल लागलं की ब्रेक संपला.

हूकजवळ रोपला क्लॅम्प लावायचे असतील तर वळणाच्या आत थिंबल (रोप चेपू नये म्हणून लोखंडी खोबण) घाला, कमीत कमी ३ क्लॅम्प, दोघांमध्ये रोपच्या जाडीच्या सहापट अंतर, आणि क्लॅम्पची जाड बैठक वजनाच्या बाजूच्या रोपवर, यू बोल्ट उरलेल्या लहान टोकावर. उलटा लावला तर यू बोल्ट ज्या रोपवर वजन आहे त्यालाच चेपतो. एकदा वजन घेतलं की नट परत आवळायचे.

मशीन घुंऽऽ करते पण फिरत नाही आणि व्होल्टेज बरोबर आहे, तर बहुतेक कॅपॅसिटर गेला, स्वस्त वस्तू आहे, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा टाकायचा. काढायच्या आधी लाईट बंद करून तो डिस्चार्ज करून घ्या, नाहीतर झटका देतो. थांबल्यावर वजन हळूहळू घसरतं तर ब्रेकची पट्टी झिजली, ते मोटर वाइंडिंगवाल्याकडून करून घ्या, स्वतः नट फिरवत बसू नका. गिअरबॉक्समधून घरघर आली तर उघडून ग्रीस बदलायचं.

पावसाळ्यात मी ती घोडीवरून काढून गोडाऊनमध्ये फळीवर ठेवतो, गोणपाट झाकून, केबल वेगळी टांगून कारण उंदीर केबल सोडत नाहीत. दसऱ्याला पूजेच्या आधी रोप पूर्ण उघडतो, तोच वर्षाचा मोठा तपास. नवीन रोप टाकला की तारीख ऑइल पेंटने बॉडीवर लिहितो, आणि खालच्या लिमिटची नवीन पट्टी टाकली त्याचीही तारीख तिथेच शेजारी लिहिली आहे.